भाकरीचं वजन

मधुमेहात भात सोडावा आणि भाकरी खावी, हे आमच्या सोलापूर जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या वडिलांनी तेच केलं, सासऱ्यांनीही तेच केलं. त्यामुळे लेकीला आठव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला तेव्हा पहिली चूक मी विचारही न करता केली. भाताचे घास मोजले, बटाटा बंद केला, दुधातली साखर काढली आणि भाकरी मात्र मोकळी सोडली. जेवणानंतर दोन तासांनी शुगर २८० दिसली की मला वाटायचं, इन्सुलिनचं पेन कुठेतरी उन्हात राहिलं असेल.

वडिलांचा मधुमेह आणि लेकीचा मधुमेह यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मी मानही डोलावली होती. वडिलांच्या शरीरात इन्सुलिन तयार होत होतं, पण ते पुरेसं लागू पडत नव्हतं. लेकीच्या बाबतीत शरीराच्या संरक्षक पेशींनीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या होत्या. तिनं किती गोड खाल्लं याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आता खाल्लेल्या कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमसाठी इन्सुलिन बाहेरून द्यायचं होतं, तेही मोजून. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या कणकेतही जवळपास तेवढीच. सासूबाईंची भाकरी तव्याएवढी. पुढे केव्हातरी वजन केलं तेव्हा कळलं की एकीला ७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास कार्ब. आम्ही ती फुलक्यासारखी १५ ग्रॅमची धरत होतो. लेकीला तेव्हा २० ग्रॅम कार्बला एक युनिट लागायचं. द्यायला हवं होतं अडीच युनिट आणि जात होतं पाऊण. पेनाचा काही दोष नव्हता.

त्या वेळी मी एक काटा विकत आणला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. मी काटा आणला नाही, मी घाबरले. डोळे, मूत्रपिंडं, पाय, जे जे वाचलं होतं ते सगळं त्या २८० आणि ३१०च्या मागे उभं राहायचं. हिच्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय आणि ते मी रोज जेवायला वाढताना थोडं थोडं कमी करते आहे, असं वाटायचं. या भीतीत रात्री उशिरापर्यंत वाचत बसायचे. तेव्हा मला रिचर्ड बर्नस्टीन सापडले.

बर्नस्टीन मूळचे अमेरिकेतले इंजिनिअर. १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी त्यांना टाइप वन निघाला. रक्तातली साखर मोजायचं यंत्र फक्त डॉक्टरांना मिळायचं त्या काळात त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावानं ते मागवलं, स्वतःवर मोजमाप सुरू केलं आणि चाळिशी ओलांडल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन स्वतः डॉक्टर झाले. दिवसाला ३० ग्रॅम कार्ब, त्याहून जास्त नाही, असं त्यांचं सांगणं. त्यामागचा विचार इंजिनिअरचाच होता. जेवणातले कार्ब आपण अंदाजानं मोजतो आणि टोचलेलं इन्सुलिन रोज सारखं शोषलं जात नाही. दोन्ही आकडे मोठे असले की चूकही मोठी होते. कार्ब कमी असले की इन्सुलिन कमी लागतं आणि चूकही लहान राहते. हा विचार मला आजही खोटा वाटत नाही. आमच्या घरी आज जे शिजतं त्यातही तो आहे.

त्यानंतर २०१८ साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास वाचनात आला. अशा आहारावर असलेल्या ३१६ जणांची पाहणी होती, त्यात मुलंही बरीच होती. दिवसाला सरासरी ३६ ग्रॅम कार्ब आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ५.६७. लेकीची तेव्हा नऊच्या वर होती. मी तो एक आकडा मनात धरला आणि बाकीचं वाचूनही वाचलं नाही. हे सगळे लोक एकाच गटातले होते, हा आहार ज्यांना जमला आणि ज्यांनी तो टिकवला असे. मध्येच सोडून गेलेले त्यात नव्हते. माहिती त्यांची त्यांनीच भरलेली होती. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे खुद्द अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी आपल्या डॉक्टरांना या आहाराबद्दल सांगितलंच नव्हतं, हेही त्यात होतं. ते वाक्य मला तेव्हा खटकायला हवं होतं. मला त्यातून उलट परवानगी मिळाली.

त्यानंतरच्या स्वयंपाकाबद्दल मला तेव्हा अभिमान वाटायचा. फ्लॉवर किसून त्याचा भात करायचे. बदामाच्या पिठाची भाकरी थापताना तुटायची म्हणून त्यात इसबगोल घातलं, तर ती चिवट व्हायची. जवसाच्या पिठाचं थालीपीठ, पनीर, दिवसातून दोनदा अंडी, दह्यावरची साय, ओलं खोबरं. महिन्याचा किराणा किती वाढला हे मी नवऱ्याला नीट सांगितलं नाही. खरं तर इतक्या महागात जायची गरजच नव्हती. आमच्या भागातल्या जुन्या स्वयंपाकात कमी कार्बचं कितीतरी आहे. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाची चटणी, कारळाची चटणी, चुका, शेपू, अंबाडीची लसूण घालून परतलेली भाजी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, दोडक्याच्या शिरांची चटणी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत कार्ब पाचेक ग्रॅम आणि प्रथिनं आठेक ग्रॅम. हे सगळं घरात होतं, ती ते आवडीनं खात होती. मी त्याच्या शेजारची भाकरी काढून टाकली आणि रिकाम्या जागी बदाम आणून ठेवले.

आणि ताट वेगळं केलं. थोरल्या मुलाचं वाढतं वय, सासूबाईंचे दात, नवऱ्याची दिवसभराची धावपळ, म्हणून त्यांना भाकरी हवीच. धाकटीला मी आधी जेवायला बसवायचे, म्हणजे गरम भाकरी तव्यावरून उतरताना ती समोर नसावी. हे मी प्रेमापोटी करते आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

सुरुवातीला मोबाइलवरची शुगर मोजणाऱ्या सेन्सरची रेघ सरळ झाली. ११०, ११५, १०८. मी ती बहिणीला पाठवायचे. पण रात्री एक-दीडच्या सुमारास शुगर चढू लागली. जेवणात कार्ब नव्हते, म्हणून इन्सुलिन जवळजवळ दिलंच नव्हतं, मग चढते कशानं? मला माहीत नव्हतं की कार्ब नसले की प्रथिनांचीही साखर होते, आणि ती तीन ते पाच तासांनी रक्तात उतरते. भरपूर स्निग्धांश तिला आणखी लांबवतो. पनीर आणि अंडी मी ‘फुकट’ समजून वाढत होते. एकदा उलटं केलं. जेवणाआधी जलद इन्सुलिन दिलं, तर ते तासाभरात जोरात आलं आणि पनीर मात्र मागे राहिलं. शुगर ६१. ती सावरली, मध्यरात्री चढली, मी अर्धं युनिट दिलं, तासानं धीर सुटला म्हणून आणखी अर्धं दिलं. पहिलं इन्सुलिन अजून काम करत होतं. पहाटे सेन्सर ओरडला तेव्हा शुगर ४९ होती आणि लेक घामानं भिजली होती.

शाळेच्या दप्तरात शुगर लो झाल्यावर खायला म्हणून मी शेंगदाण्याची चिक्की दिली होती. घरची, गुळाची, पौष्टिक. एका दुपारी तिच्या बाईंनी ती दिली आणि वीस मिनिटांनी शुगर ५८ची ५८च. शेंगदाण्यातलं तेल गुळाला लवकर रक्तात उतरू देत नाही. तिथे पौष्टिक काही नको असतं, नुसतं ग्लुकोज लागतं. आता तिच्या दप्तरात दोन छोट्या डब्या असतात, प्रत्येकीत दहा ग्रॅम ग्लुकोज पावडर. पाण्यात घालून प्यायचं आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं.

तीन महिन्यांची सरासरी ६.४ आली. डॉक्टरांनी आनंदानं विचारलं, “काय बदललंत?”

“मोजून खायला घालते,” मी म्हटलं.

एवढंच. ३० ग्रॅमबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण ते नको म्हणतील हे मला माहीत होतं. माझ्या सगळ्या चुकांत मी या उत्तराला सगळ्यात मोठी चूक मानते. बाकीच्या चुका अज्ञानानं झाल्या.

मग कारण नसताना शुगर चढायला लागली. दुपारी शाळेतून आल्यावर २२०, संध्याकाळी १९०. मी सगळं मोजलेलं होतं, तरी. मी तिला उलटसुलट प्रश्न विचारायला लागले. दप्तर तपासलं, त्यात राजगिऱ्याच्या लाडवाचा कागद सापडला. मैत्रिणीच्या डब्यातली अर्धी चपातीही ती खात होती, हे मैत्रिणीच्या आईकडून कळलं. मी रागावले, खूप रागावले. ती रडली नाही, गप्प उभी राहिली. त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही.

मग एकदा स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई जिवापाड जपलेल्या त्यांच्या लोखंडी तव्यासमोर बसलेल्या आणि ही त्यांच्या मांडीला लागून. त्यांनी भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून तिच्या हातात दिला होता.

“आई, तुम्ही देता हिला?” मी विचारलं.

“मी दिला,” त्या म्हणाल्या. “रोज देती. पोरगी माझ्याजवळ येऊन नुसता वास घेत बसती. माझ्यानं बघवत न्हाई.”

मी त्यांना इन्सुलिनचं गणित ऐकवलं. न सांगता दिलेला प्रत्येक घास कसा घातक आहे ते सांगितलं. गणित बरोबर होतं. पण तो घास न सांगता द्यावा लागावा अशी व्यवस्था कुणी केली होती, हे मी विचारलं नाही. ज्या मुलीला इन्सुलिन घेऊन भाकरी खाता आली असती ती इन्सुलिन न घेता चोरून खात होती.

त्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि उलट्या सुरू झाल्या. खाणं बंद. शुगर १५०-१७०, म्हणजे माझ्या मते ठीक. खात नाही आणि लो होईल म्हणून जेवणाचं इन्सुलिन बंद केलं आणि रात्रीचं लांब पल्ल्याचंही निम्मं केलं. लघवीतल्या कीटोनची पट्टी गडद जांभळी आली. तेही मला धक्कादायक वाटलं नाही, कारण कमी कार्बच्या आहारात चरबी जळते आणि थोडे कीटोन येतातच, असं मी वाचलं होतं. गेले कित्येक महिने पट्टी थोडी रंगायचीच. धोक्याची खूण रोज दिसत असल्यानं खरा धोका आला तेव्हा मी तो ओळखला नाही. संध्याकाळपर्यंत तिचा श्वास खोल आणि जलद झाला, तोंडाला पिकून गेलेल्या फळाचा वास यायला लागला. मी म्हणत होते, शुगर १६८ आहे, सकाळपर्यंत बघू. नवऱ्यानं ऐकलं नाही. त्यानं तिला उचललं आणि गाडीत ठेवलं.

रात्रपाळीच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी शुगर पाहिली, श्वास पाहिला आणि विचारलं, “हिच्या जेवणात काय असतं?”

“घरचंच. भाजी-भाकरी.”

“भाकरी किती?”

“एक,” मी म्हटलं.

त्या क्षणीसुद्धा. मुलगी समोर धापा टाकत होती आणि मी खोटं बोलले. नवरा माझ्याकडे बघून मग त्यांना म्हणाला, “भाकरी नसते, मॅडम. वर्ष होत आलं. भात नाही, चपाती नाही, काही नाही.”

त्यांनी लगेच रक्तातले कीटोन बघितले. ०.६च्या खाली असावेत ते ४च्या वर होते. ३च्या वर गेले की तातडीची वेळ असते. रक्ताची आम्लता वाढली होती. शुगर फार वाढलेली नसतानाही हे होऊ शकतं, विशेषतः पोटात कार्ब नसताना आणि इन्सुलिन कमी पडलेलं असताना. शरीर चरबी जाळत सुटतं आणि साखरेचा आकडा काही बोलत नाही. तिला सलाइनमधून ग्लुकोज आणि त्याबरोबर इन्सुलिन दिलं. आजारपणात इन्सुलिन कधीही बंद करायचं नसतं, मुलगी जेवत नसेल तर पेयातून कार्ब देऊन इन्सुलिन चालू ठेवायचं असतं. हे मला पहिल्या आठवड्यातच कागदावर लिहून मिळालं होतं. फ्रिजवर लावलेल्या त्या कागदावर मी माझ्या आहाराचा तक्ता चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे डॉक्टर आले. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फाइलमधून वाढीचा तक्ता काढला. उंचीची रेघ निदानाच्या वेळी मधोमध, पन्नासाव्या पर्सेंटाइलला होती. त्यानंतर ती पंचविसाव्याकडे घसरली होती आणि वजन जवळजवळ थांबलं होतं. प्रत्येक भेटीत त्यांनी ते टिपलं होतं, रक्ताच्या तपासण्याही केल्या होत्या, पण कारण सापडत नव्हतं, कारण ते माझ्याकडे होतं. २०१८ मध्येच, ज्या वर्षी माझा लाडका अभ्यास आला, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी कडक कमी कार्बच्या आहारावरच्या सहा मुलांच्या कहाण्या प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांत वाढ खुंटणं होतं, थकवा होता. मी तो लेख शोधलाच नव्हता. असा आहार असला की यकृतातला साखरेचा साठा कमी राहतो, आणि मोठ्यांवरच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं तसं, बेशुद्धीच्या वेळी देतात त्या ग्लुकागॉनच्या इंजेक्शनचा परिणामही कमी होतो, हेही मला त्या दिवशी कळलं. पहाटेच्या त्या ४९ची आठवण येऊन माझे हातपाय गार पडले.

ती घरी आल्यावर मी पुन्हा वाचायला लागले, पण या वेळी मागे गेले. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोत सापडलं. त्याआधी न्यू यॉर्कच्या डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या उपाशी ठेवण्याच्या उपचाराशिवाय मुलांना दुसरं काही देता येत नव्हतं. कार्ब जवळजवळ नाहीत, बाकीचंही मोजून मापून, मूल जगेल तितके दिवस. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. अकराव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. १९२२च्या ऑगस्टमध्ये ती इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्याकडे पोचली तेव्हा पंधरा वर्षांची होत होती आणि वजन होतं वीस किलो. इन्सुलिन मिळालं, तिला पोटभर जेवायची परवानगी मिळाली, आणि ती १९८१पर्यंत जगली. ॲलन यांच्याच नोंदींत आणखी एक मुलगा आहे. कुणी खायला देत नसताना त्याची साखर वाढत होती. शोध घेतल्यावर कळलं की तो पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे आणि टूथपेस्ट खात होता. हे वाचून मी लेकीच्या दप्तरातल्या त्या कागदाबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, “लाडू मला आवडतही नाही. भूक लागली होती.”

ॲलन यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. माझ्या फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांत, तो मार्ग व्यवस्थित ठेवलेला होता आणि मी त्यालाच घाबरत होते. साखरेची भीती मी सगळ्यांना सांगायचे. इन्सुलिनचा डोस चुकेल, लो होईल, ती सकाळी उठणारच नाही, ही भीती कुणालाच सांगितली नव्हती. म्हणून मी इन्सुलिन कमी लागेल असं जेवण शोधलं.

आहारतज्ज्ञांनी आमच्याबरोबर सगळं नव्यानं मांडलं. मुलांच्या मधुमेहावर काम करणारी इस्पॅड ही आंतरराष्ट्रीय संघटना २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत एकूण उष्मांकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के कार्बमधून यावेत असं सांगते. माझे ३० ग्रॅम म्हणजे आठ टक्के होत होते. आम्ही ४० टक्क्यांच्या बाजूला राहायचं ठरवलं. दीड हजार उष्मांकांना दिवसाला १५० ग्रॅमच्या आसपास. सोलापुरी घरातल्या मुलाच्या मानानं हे कमीच आहे, पण उपासमार नाही. सकाळी तिच्या शरीरावर इन्सुलिन कमी चालतं, म्हणून न्याहारीला कार्ब थोडे. वाटीभर पोह्यांत दाणे भरपूर आणि सोबत अंडं. शाळेच्या डब्यात जास्त, कारण दुपारी ती खेळते. इन्सुलिन जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी. ताटात भाजी आणि उसळ आधी संपवायची, भाकरी-भात शेवटी. पनीर-अंड्यांचं जेवण असेल तर उशिराच्या चढाचा हिशेबही डोसात धरायचा. आणि हे सगळ्यांसाठी. थोरल्याच्या, नवऱ्याच्या, सासूबाईंच्या ताटातही भाजी वाढली. ज्याला जास्त भूक आहे त्यानं जास्त भाकऱ्या खाव्यात, पण पदार्थ तेच आणि पंगत एकच.

काटा अखेर घरात आला. त्याचा सगळ्यात चांगला उपयोग सासूबाईंनी केला. मी वाटीनं पीठ मोजायला सांगत होते. त्यांनी ते नाकारलं, कारण घट्ट भरलेली आणि सैल भरलेली वाटी सारखी नसते. त्या काट्यावर परात ठेवतात, आकडा शून्यावर आणतात आणि तीस ग्रॅम पीठ घेतात. त्याची तळहातापेक्षा थोडी मोठी, पातळ भाकरी होते. वीस-एकवीस ग्रॅम कार्ब, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं बरोबर एक युनिट. भाकरीचं वजन करून उपयोग नाही, त्यात पाणी किती राहिलं ते सांगता येत नाही. वजन पिठाचं करायचं. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, त्यांनी सांगितलं. घरात आता “एक युनिटची दे” असं थोरलाही म्हणतो. आषाढी एकादशीला, पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यानं घरात उपास असतोच, तिला साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी मिळते, दाण्याचं कूट दुप्पट आणि वर ताक. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. मागच्या एकादशीला दोन तासांनी शुगर २३५ झाली, मग डोस देऊन खाली आणली. खिचडी बंद केली नाही.

एचबीएवनसी आता ७.२ असते. डॉक्टरांना ती सातच्या खाली हवी आहे, मलाही. ६.४ परत दिसणार नाही असं नाही, पण ती मी तिच्या पोटातून काढणार नाही. उंचीची रेघ वर चढू लागली आहे, अजून जुन्या जागी आलेली नाही. गेलेले महिने भरून निघतील की नाही हे डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. ते ओझं माझं आहे.

काही आया मला फोन करतात, बहुतेक निदान ताजं असलेल्या. त्यांचा पहिला प्रश्न असतो, काय बंद करू? त्यांना मी कमी कार्बचा स्वयंपाक वाईट आहे असं सांगत नाही, कारण तो मीही करते. मी विचारते, डॉक्टरांना सांगितलंत का, आणि बाकी घर काय जेवतं? एकीनं डॉक्टरांना न सांगता सुरू केलं होतं. मी तिला रात्रपाळीच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली, मी “एक” म्हणाले तिथपर्यंत, काही न वगळता. ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन आली.

लेक आता अकरा वर्षांची आहे आणि सगळी प्रमाणं पुन्हा बदलू लागली आहेत. वीस ग्रॅमला एक युनिट होतं ते आता पंधराला एक झालंय, त्यामुळे आजीची तीस ग्रॅमची भाकरीही ‘एक युनिटची’ राहिलेली नाही. नाव तेच आहे, डोस ती स्वतः वाढवून घेते. शेंगापोळीचं गणित मात्र अजून आम्हाला जमलेलं नाही. एका पोळीत आमच्या मापानं ३५ ग्रॅम कार्ब, त्यात गूळ लवकर चढणारा आणि दाण्यांचं तेल उशिरा चढवणारं. सगळा डोस आधी दिला तर ती तासाभरात लो होते, नंतर दिला तर हाय जाते. गेल्या संक्रांतीला दोन्ही झालं. या वेळी ती निम्मा डोस आधी आणि निम्मा दीड तासानं घेऊन बघणार आहे. आहारतज्ज्ञांना तिनंच विचारलं, मी फक्त सोबत होते. त्या म्हणाल्या, करून बघ आणि चार तासांचे आकडे मला पाठव. पोळ्या किती करायच्या याची चर्चा सासूबाई आणि ती या दोघींत आत्तापासून सुरू आहे.